मदत हवी आहे: झोरो विरुद्ध मिहॉक, आज रात्रीच्या आत सांगा

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)
'वन पीस' मांगातले तलवारबाज झोरो आणि मिहॉक भिडले तर कोण जिंकेल? वडे-सागोतीची पैज आहे, मी झोरोकडून. नुसतं नाव नको, मुद्दे द्या. लवकर, पावसामुळे लाईटचा भरवसा नाही.

रापणकार (मालवण)
मेल्या, कधीचो झोरो? सुरवातीचो, बाराती हॉटेलावरचो, की नंतरचो, वानो देशातलो? तां सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो?

मिऱ्याबंदर
कथेतल्या दोन वर्षांच्या उडीनंतरचाच ना! बारातीवर मिहॉकने त्याला हरवलं ते सगळ्यांना माहीत आहे.

खाडीपलीकडे (दाभोळ)
मग मिहॉक. तलवारी बघ. मिहॉकची योरू सर्वोच्च श्रेणीच्या 12 मधली, शिवाय काळी, म्हणजे हाकीने (इच्छाशक्तीच्या बळाने) कायमची काळी झालेली. झोरोची वाडो इचिमोंजी आणि एन्मा त्याखालच्या 21 मधल्या, सांदाई कितेत्सु आणखी खाली. तिघींपैकी एकही अजून काळी झालेली नाही. आणि डोक्यावरचं बक्षीस: मिहॉक 3.59 अब्ज बेरी, झोरो 1.111 अब्ज.

रापणकार
बक्षीस मध्ये हाडू नको. तो सरकारच्या डोकेदुखीचो भाव, ताकदीचो न्हय. मिहॉक 'मरीन हंटर' (नौदलाचो शिकारी) म्हणान गाजलेलो, म्हणान आकडो फुगलो.
पैज जिंकायची तर प्रकरण 1010 दाखव: वानोत झोरोचा घाव महाबलाढ्य काइदोला लागला आणि त्यात कॉन्करर्स हाकी, म्हणजे हाकीचा सर्वात दुर्मिळ प्रकार, दिसली. मग 1035, काइदोचा साथीदार किंगचा पराभव. पाठीवरची ज्वाळा पेटलेली असताना किंगवर वार बसत नाहीत, विझली की तो वेगवान पण कच्चा होतो, हे झोरोने लढता लढता ताडलं. तो डोक्याने जिंकतो, हा तुझा मुद्दा.

खाडीपलीकडे
ताडलं खरं, पण किंमत विसरलास. एन्मा धरणाऱ्याची हाकी ओढून घेते. लढाई लांबली तर झोरो आधी रिकामा होणार. किंगच्या वेळी मिंक जमातीचं औषध घेऊन उभा होता, त्याचा दुप्पट त्रास नंतर भोगलाच. मिहॉकला फक्त वेळ काढायचा आहे. त्यात कुराइगाना बेटावर दोन वर्षं शिकवलंय त्यानेच, झोरोची प्रत्येक सवय ठाऊक.

रापणकार
दोनय बाजून ठाऊक! शिष्यानं गुरूक बघूक नाय काय?

आंबेवाली_गल्ली (देवगड)
मांगाची पुस्तकं कोणी जमवत असेल तर: पावसाळ्यात लाकडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. आधी पंख्याखाली नीट सुकवा, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दमट पुस्तक तसंच बंद केलं तर डब्यातच बुरशी धरते. पुड्या ओलावल्या की बदला.

खाडीपलीकडे
हे कोणी विचारलं?

रापणकार
इचारूक नाय, पण खरा आसा.
मिऱ्याबंदर, पैजेचे शब्द नेमके काय ते लिही. 'मालिकेत शेवटी' असेल तर झोरो. जगातला सर्वोत्तम तलवारबाज व्हायचं हे त्याचं पहिल्यापासूनचं ध्येय आणि तो किताब मिहॉककडे आहे, लेखक ते सोडणार नाही. 'आज समोरासमोर' असेल तर खाडीवाल्याचं ऐक.

मिऱ्याबंदर
पैज अशी: थ्रिलर बार्कच्या भागानंतर, तिथे मिळालेली शुसुई तलवार हातात असलेला झोरो. दोन वर्षांनंतरचा, पण वानोच्या आधीचा.

खाडीपलीकडे
हे वर का नाही लिहिलंस? एन्मा बाद, 1010 बाद, किंग बाद, ते सगळं वानोतलं. शुसुई काळी आहे खरी, पण तीही 21 मधलीच, आणि काळी केली ती जुन्या काळच्या सामुराई र्‍यूमाने. मिहॉक, आणि फार वेळ लागणार नाही.

मिऱ्याबंदर
म्हणजे सागोती माझ्याकडून?

रापणकार
कोंबडो गावठी घे. आणि वड्याचा पीठ आत्ताच भिजवून ठेव.