पार्किंगमधली बटाट्याची पोती

कुलकर्णी (२०१): मीटररूमपाशी कसला वास सुटलाय? वॉचमन काल मेलेलं मांजर शोधत होता. बटाट्याच्या पोत्यातनं पाणी गळून माझ्या स्कूटरखाली आलंय.

देसाई काका (१०२): पार्किंगमध्ये पोती ठेवायला परवानगी कुणी दिली?

माने काकू (३०२): सगळ्यांनी मिळूनच मागवलेत की ओ. कडोलीचा माल म्हटल्यावर पटापट अंगठे दिलेत 👍

पाटील (१०४): शेतकऱ्यानं कुजका माल गळ्यात मारला. पैसे परत मागा.

चौगुले सर (३०१): उघडून बघितलं. वरचे ठणठणीत. खालच्याला बोट लावलं की साल सुटते, आत पांढरट लगदा. ही मऊ कूज. पेक्टोबॅक्टेरियम नावाचे जंतू. पेशी धरून ठेवणारं पेक्टिनच विरघळवतात. कुदळीच्या जखमेतनं, नाहीतर सालीवरच्या बारीक छिद्रांतनं शिरतात. वास मागाहून घुसलेल्या दुसऱ्या जंतूंचा. काढणी पावसात झाली हे खरं, पण बटाटे धुऊन प्लास्टिकच्या पोत्यात कुणी भरले?

माने काकू: नाव घेऊन बोला सर. चिखल होता म्हणून धुतले. स्वच्छतासुद्धा चुकली आता!

चौगुले सर: राग नको वहिनी. चिखल वाळू द्यायचा, मग झटकायचा. सालीवर पाणी राहिलं की आत हवा जात नाही, जंतूंना तेच पाहिजे. वर प्लास्टिक आणि बंद पार्किंगची ऊब.

देसाई काका: परवानगीचं उत्तर आलेलं नाही.

कुलकर्णी: स्कूटरला लागण होईल काय सर? 😄

पाटील: टाकी साफ करायचे पैसे निघाले की हसू बंद होतंय तुमचं.

कुलकर्णी: तो विषय इथं नको.

शिंदे वहिनी (२०३): एखादं औषध मारलं तर?

चौगुले सर: आत शिरल्यावर औषध नाही. कुजके आणि ओले झालेले बाजूला काढा. उरलेले सावलीत पातळ पसरा, पंखा लावा. पुन्हा धुऊ नका!

शिंदे वहिनी: कुजके माझ्या कुंड्यांत घालू? खत होईल.

चौगुले सर: नको. गाजर, कोबी, कांदा, सगळ्यांना हे लागतं. लांब खड्डा काढून पुरा.

देसाई काका: पार्किंगमध्ये पोती ठेवायला परवानगी कुणी दिली?

सेक्रेटरी: काका, मीटिंगमध्ये बोलू. आज ६ वाजता सगळ्यांनी निवडायला खाली या. गोणपाटं आणा.

पाटील: मला ६ ला जमत नाही. माझे १० किलो चांगल्यातले काढून ठेवा.

माने काकू: वा!

शिंदे वहिनी: नवरात्राच्या रताळ्यांचं कोण विचारतंय?