मदत हवी आहे : नववीच्या मुलांना वाद घालायला कसं शिकवायचं? (भांडायला येतंय!)

नमस्कार. मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. वैचारिक लेखन अभ्यासक्रमात आहे, इंग्रजीत व्ह्यू-काउंटरव्ह्यू आहे, शिवाय वर्षभर कुठली ना कुठली वक्तृत्व स्पर्धा असतेच. त्यामुळे मुलं बोलायला बुजतात असं अजिबात नाही. उभं केलं की दणक्यात बोलतात. "राजर्षी शाहूंच्या या पावन नगरीत" अशी सुरुवात, मध्ये दोन चारोळ्या, शेवटी आवाज चढवायचा, टाळ्या घ्यायच्या. खाली बसल्यावर "तुझं म्हणणं नेमकं काय होतं?" असं विचारलं की गप्प. भाषण बहुतेक वेळा घरच्यांनी नाहीतर आमच्यातल्याच कुणीतरी लिहून दिलेलं असतं, ते सोडा.

पाठांतर टाळायचं म्हणून यंदा वर्गातच वाद घेतला. विषय मुलांच्या घरात बोलला जाणारा हवा होता, म्हणून शहराची हद्दवाढ, म्हणजे भोवतालची गावं महापालिकेत घ्यायची की नाही. वर्गातली निम्मी मुलं पेठांतली, निम्मी पाचगाव, कळंबा, उचगाव, वडणगे अशा आसपासच्या गावांतून केएमटीनं (महापालिकेच्या बसनं) येणारी. महापालिका १९७२ ची, त्यानंतर कित्येक दशकं हद्द तशीच. मग २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. हे सगळं त्यांनी घरी थोडंफार ऐकलेलं.

एक मुलगा उठला, "आमच्या केएमटीनं फिरता, बाजाराला इथंच येता, मग हद्दीत यायला काय झालं?" त्यावर कळंब्याची मुलगी, "तुम्ही घरफाळा भरताय तो कुठं जातोय ते खड्डे बघून कळतंय की." दोन्ही मुद्दे चांगले होते! पण पुढं कुणीच दुसऱ्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही. जो तो आपलंच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणत राहिला आणि मग बाकं वाजायला लागली.

तर मला हवं आहे ते असं: समोरच्याचं ऐकून, त्याला उत्तर देऊन, जमलं तर त्याचं मन वळवणं हे शिकवायचं कसं? भावना बाजूला ठेवायला सांगायचं का? वर्गात साठ मुलं, तास ३५ मिनिटांचा. आणि गुण कशाला द्यायचे? "मुलांना वाचायला द्या" एवढाच सल्ला कृपया नको, वाचतात ती.

पंचगंगाकाठ :
मॅडम, आपल्याकडं यावर फार जुना विचार झालेला आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत राहणं ही वितंडा. तुमच्या वर्गात जल्प झाला, आणि टीव्हीवर रोज रात्री तेच दिसत असताना दुसरं काय होणार.

जुन्या ग्रंथांत आपला सिद्धान्त मांडायच्या आधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी सांगायचं. वर्गात एवढाच नियम करा. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. त्यानं "हो, हेच म्हणतोय मी" म्हटलं तरच पुढं बोलायला परवानगी. तो "नाही" म्हणाला तर पुन्हा सांगायचं. सुरुवातीला तास रेंगाळेल, रेंगाळू दे. आवाज मात्र पहिल्याच दिवशी खाली येईल, कारण ऐकल्याशिवाय पाळी येत नाही.

मिरजकर तिकटी :
बाई, हद्दवाढ कशाला, फुटबॉल घ्या की! पाटाकडील संघाच्या पोराला दिलबहार संघाची बाजू मांडायला लावा. जमलं तर पोरगं वकील झालं म्हणून समजा 😄

पंचगंगाकाठ :
आणि मॅचनंतरचं वर्गात आलं तर निस्तरायला तुम्ही या.

काळा कोट :
मी वकिली करतो, म्हणून भावनेच्या प्रश्नावर लिहितो. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं, ही मागणी चाळीसेक वर्षं चालली. मोर्चे, उपोषणं, कामकाजावर बहिष्कार, सगळं झालं. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं (फिरत्या खंडपीठाचं) काम सुरू झालं. निर्णय नेमका कशामुळं झाला ते मी सांगणार नाही, त्यावर आम्हा वकिलांतच दहा मतं आहेत. पण दोन युक्तिवाद शेजारी ठेवून बघा. एक, "कोल्हापूरच्या अस्मितेचा प्रश्न आहे." दुसरा, "सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराला एका तारखेसाठी मुंबईला जावं लागतं, इथून जवळपास चारशे किलोमीटर. दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि तिथं गेल्यावर पुढची तारीख मिळते." पहिल्यानं बिंदू चौकातली सभा उठून उभी राहील. मुंबईत बसलेल्या माणसाला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही, त्याच्यावर चालला तर दुसराच चालेल. आणि त्या दुसऱ्यातही भावना आहेच की. मजुरी बुडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. फक्त ती तपासता येणाऱ्या गोष्टीवर उभी आहे.

अॅरिस्टॉटलनं मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. भावना त्यानंही वगळलेली नाही. तेव्हा मुलांना भावना बाजूला ठेवायला सांगू नका, "कुणाला पटवायचंय?" हे आधी ठरवायला सांगा. हद्दवाढीवरच एका मुलाला दोन पत्रं लिहू द्या, एक महापालिका आयुक्तांना, एक वडणग्याच्या एखाद्या शेतकऱ्याला. शेतकऱ्याला "शहराला निधी जास्त मिळेल" सांगून उपयोग नाही. त्याला जमिनीवर आरक्षण पडायची भीती आहे, त्याबद्दल बोलावं लागेल.

आणखी एक. कोर्टात समोरच्याचा खरा मुद्दा मान्य करून टाकणाऱ्या वकिलाचं न्यायमूर्ती जास्त लक्ष देऊन ऐकतात. "खड्डे आहेत, मान्य" असं शहरातलं पोरगं म्हणालं असतं तर निम्मा वर्ग ऐकायला तयार झाला असता.

चिखलीकर :
मी विज्ञान शिकवतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यातले तीनच भाग मी वापरतो: दावा, आधार, आणि दोन्हींना जोडणारा दुवा. मुलं दावा करतात, चांगली असतील तर आधार देतात, दुवा गृहीत धरतात. घोळ तिथंच असतो.

आमच्याकडचं उदाहरण. दावा: "(कर्नाटकातल्या) अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो." आधार: "पूर येतो तेव्हा अलमट्टी भरलेलं असतं." दुवा काय? धरणात अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागं इथवर पोचतो, हा. आता विचारायचं, एकाच पावसानं धरणही भरलं आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीवरही गेलं, असं नसेल कशावरून? वर्ग चिडतो. २०१९ ला घरात पाणी बघितलेली पोरं आहेत ती. त्यावर्षीच्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टी कारण नसल्याचा निष्कर्ष काढला, तो इथं अनेकांना आजही मान्य नाही. मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहितो आणि विचारतो, "कुठली माहिती मिळाली तर तू मत बदलशील?" काही मुलं धरणाच्या पाणीपातळीचे आकडे मागतात. काही म्हणतात, "कायबी मिळालं तरी बदलणार न्हाई." तेही निदान कळतं.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. पूर्वपक्षाचा नियम लगेच लावून बघितला. पाचगावच्या एका मुलानं शहराची बाजू इतकी झकास सांगितली की त्याच्याच बाकावरचा ओरडला, "तू त्यांच्यात गेलास व्हय रं?" आता तो मुलगा उठायलाच तयार नाही. दुसऱ्याची बाजू नीट सांगणं म्हणजे फितुरी, असं मुलांना वाटतं. यावर काय करू?

काळा कोट :
चिठ्ठ्या टाका. बाजू नशिबानं आली की कुणी फितूर ठरत नाही. आम्हीही जो पक्षकार येतो त्याचीच बाजू मांडतो. तासाच्या मध्यावर बाजू बदलायच्या हेही आधीच जाहीर करा.

चिखलीकर :
गुणांचं राहिलं. मी दहापैकी चार समोरच्याचा मुद्दा बरोबर सांगण्याला देतो, चार त्यातल्या सगळ्यात भक्कम मुद्द्याला दिलेल्या उत्तराला आणि दोन भाषेला. आवाजाला, हातवाऱ्यांना, शेराला शून्य. स्पर्धा गाजवणारी मुलं पहिल्यांदा नाराज होतात, त्यांच्या पालकांचे फोन येतात, ती तयारी ठेवा. साठ मुलांसाठी तिघांचे गट पाडा: दोघं बोलतील, तिसरा फक्त लिहील, कुठला मुद्दा अनुत्तरित राहिला ते. वीस गट एकदम बोलायला लागले की शेजारच्या वर्गातून तक्रार येणार, तेव्हा शेवटचा तास घ्या किंवा मैदानावर न्या. आणि वह्या घरी नेऊन तपासू नका, तिसऱ्याचाच कागद वाचा.