मॉडिफाय केलेल्या जुन्या थारला जादा किंमत का मोजावी?

सह्यवाट

माझ्या मेहुण्याला महिंद्राची जुनी थार जीप घ्यायची आहे. जुनी म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार बाजारात येण्यापूर्वीची, अडीच लिटर सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाची. पुण्यात एक गाडी पाहून आलो. मालकाने तिच्यावर सव्वादोन लाख रुपये खर्च केल्याची बिले पुढे ठेवली आणि बाजारभावापेक्षा निदान दीड लाख तरी जास्त मिळायला हवेत, असे सांगितले. चिखलासाठीचे ३१ इंची मडटेरेन टायर, मडगार्डच्या बाहेर आलेल्या अलॉय रिम, पुढून-मागून उंच केलेली बॉडी, लोखंडी बंपर, छतावर एलईडी पट्टी आणि बोनेटच्या कडेने वर गेलेला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारा पाइप, असा एकूण साज आहे. माझे मत असे की या साजासाठी जादा पैसे देणे तर दूरच, तो उतरवून गाडी मूळ स्थितीत आणायला जो खर्च येईल तो किमतीतून वजा व्हायला हवा.

या थारचे पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचे, म्हणजे पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईचे आहे आणि गाडी उंच करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्या बारचे बोल्ट आवळणे. बोल्ट आवळले की गाडीचे नाक वर येते, पण चाकाला खाली उतरण्यासाठी जी मोकळीक असते ती संपते, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरचे, म्हणजे सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट ताणून फाटतात आणि मग ग्रीस बाहेर व चिखल आत असा व्यवहार सुरू होतो. आम्ही पाहिलेल्या गाडीच्या डाव्या रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले होते आणि टायरच्या कडेवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखा लागत होता. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, बिघडल्याची याहून स्पष्ट खूण नसते. मालकाला विचारले तेव्हा, ‘ऑफरोडिंगच्या गाडीचे असे व्हायचेच,’ असे उत्तर मिळाले.

एवढे करून मिळवले काय? मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे कमानपाट्यांच्या शॅकल (पाटे चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) कितीही लांब केल्या तरी डिफरन्शियलचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरांचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो फक्त टायरने वर जातो. कंपनीचा २३५/७० आर १६ टायर साधारण ७३५ मिलिमीटर उंचीचा आहे आणि ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. म्हणजे डिफरन्शियलखाली वाढलेली जागा त्याच्या निम्मी, २६ मिलिमीटर. त्यापोटी गिअरिंग सात टक्क्यांनी जड होते, मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने धावत असते, आणि लो रेंजमध्ये, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच्या सर्वांत हळू गिअरांत, चढावर जी हळू, घट्ट पकड हवी असते तीच कमी होते.

वडापकर

सह्यवाट यांच्या हिशेबात चूक नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वडापच्या जीपगाड्यांना मागे एक पाटा वाढवल्याशिवाय गाडी धंद्याला लागली असे कोणी मानत नसे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जुळवायला घेतली तेव्हापासून ही गाडी मालकाच्या गरजेप्रमाणे कापली, जोडली आणि बदलली गेली आहे. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणारी गॅरेजे गावोगाव होती. कंपनी सरासरी गिऱ्हाइकासाठी गाडी बनवते. ज्याचे शेत डोंगराच्या पोटात आहे, त्याच्यासाठी सरासरी कामाची नसते. चुकीच्या हातांनी केलेल्या कामावरून सगळ्याच बदलांना नावे ठेवणे हा अन्याय आहे. चांगल्या टायरला आणि चेसिसला नीट बोल्ट केलेल्या टो हुकला मी आनंदाने जादा पैसे देईन.

कलमबहाद्दर

गरज आणि परंपरा बाजूला ठेवून कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बुलबारविरुद्ध, म्हणजे अशाच लोखंडी बंपरविरुद्ध, कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. शिवाय लोखंडी बंपरमुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडक वेळेवर कळत नाही.

पानापक्कड

कलमबहाद्दर यांच्या शेवटच्या वाक्यात दुरुस्ती करतो. चर्चेतल्या थारला एअरबॅग नव्हत्याच. त्या २०२० च्या मॉडेलपासून आल्या. तेव्हा हा मुद्दा नव्या गाडीला लागू आहे, या गाडीला नाही. या गाडीत बंपरचा त्रास वेगळा आहे. पादचाऱ्याला किंवा दुचाकीस्वाराला त्याची धडक जीवघेणी ठरते, ही झाली एक बाजू. दुसरी अशी की एवढे लोखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे टांगले की नाक खाली बसते. मग गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येते आणि ‘पुढून जरा उचलून द्या’ म्हणते. बोल्ट आणखी आवळले जातात. मग सीव्ही जॉइंटचा आवाज सुरू होतो, अलाइनमेंट बसत नाही, म्हणून लोक आणखी रुंद रिम टाकतात, कारण त्या टाकल्या की गाडी ‘बसकी आणि स्थिर’ वाटते, आणि हबच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. एका बदलाने केलेली खोड झाकायला दुसरा बदल, अशी साखळी मी वर्षानुवर्षे सोडवत आलो आहे.

टॉर्शन बार हलवूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. बार काळाने सैल पडतो आणि गाडी मूळ उंचीवर आणण्यापुरता तो आवळणे ही दुरुस्ती आहे. बिघाड त्यापुढे जाण्यात आहे.

मेहुण्यांना सांगा, बोनेट उघडून आधी वायरिंग पाहा. एलईडी पट्टीची तार रिले आणि फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतली असेल, तारा सोलून हाताने पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली असेल, तर तो जोड आधी काढायला लावा. टायर घासले तर पैसे जातात. वायरिंगने पेट घेतला तर गाडी जाते.

चिखलप्रेमी

येथे सगळे जण तोटेच मोजत आहेत. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलात कंपनीच्या टायरने उतरून दाखवावे, मग बोलू. त्या टायरच्या खाचा पहिल्याच फेऱ्यात भरतात आणि चाक नुसते जागच्या जागी फिरते. मडटेरेनच्या रुंद खाचा चिखल झटकून टाकतात. हा देखावा नाही. राहिला प्रश्न उंचीचा. २६ मिलिमीटर कागदावर थोडे दिसतात, पण डिफरन्शियल दगडाला घासते की सुटते, हे तेवढ्यावरच ठरते. आणि छंदाचा हिशेब दर मिलिमीटरमागे किती रुपये असा मांडायचा असेल, तर माणसाने थार घेऊच नये, सरळ हॅचबॅक घ्यावी!

सह्यवाट

चिखलप्रेमी, चिखलापुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. पण ही गाडी चिखलापर्यंत डांबरावरून जाते. आषाढात ताम्हिणी घाट उतरताना ओल्या डांबराला त्या रुंद खाचांच्या टायरचे फारच थोडे रबर टेकलेले असते, त्यामुळे ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. आणि धुके दाटले की छतावरच्या त्या पांढऱ्या पट्टीचा प्रकाश पुढे जाण्याऐवजी धुक्यावरून आणि बोनेटवरून उलट डोळ्यांत येतो. समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय कंपनीच्या टायरमधली हवा चिखलापुरती निम्म्यावर आणली, तर पकड किती वाढते याची कल्पना बहुतेकांना नसते, कारण तोवर नव्या टायरांची ऑर्डर गेलेली असते. फक्त डांबरावर परतण्यापूर्वी हवा भरायला छोटा कंप्रेसर सोबत लागतो आणि त्याची किंमत एका टायरपेक्षाही कमी आहे.

स्नॉर्कलविषयी कोणी बोलले नाही म्हणून सांगतो. या गाडीचा स्नॉर्कल मडगार्डला स्क्रूने ठोकलेला आहे आणि आत एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत त्याचा पाइप पोचतच नाही. इंजिन हवा पूर्वीच्याच जागेवरून घेते. असा स्नॉर्कल नसण्यापेक्षा वाईट, कारण नवा मालक त्याच्या भरवशावर ओढ्यात गाडी घालेल आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले की कनेक्टिंग रॉड वाकतील.

वडापकर

खोट्या स्नॉर्कलची बाजू मी घेणार नाही. पण खरा असता तरी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर पाइप (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्या) वर घेतलेले आहेत का, हे पाहावे लागलेच असते. नाहीतर गरम अ‍ॅक्सल गार पाण्यात जाताच ब्रीदरमधून पाणी ओढतो आणि आतले तेल दुधाळ होते. भरावाचा बोल्ट सोडून तेलाचा रंग पाहायला दोन मिनिटे लागतात. तरीही टायरचे आणि टो हुकचे पैसे द्यावेत, या मतावर मी कायम आहे. टायर किती झिजले आहेत ते मोजून तेवढी रक्कम कापा. सरसकट शून्य धरू नका.

कलमबहाद्दर

टायरचे पैसे द्या, पण विम्याचेही विचारा. कंपनीने न बसवलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवलेल्या नसतील, तर त्यांची भरपाई मिळत नाही, आणि अपघातानंतर सर्व्हेअर पहिला प्रश्न याच बदलांबद्दल विचारतो.

पानापक्कड

भाव ठरवण्याआधी मालकाला एकच विचारा : उतरवलेल्या मूळ वस्तू जपून ठेवल्या आहेत का? रिम, बंपर, शॅकल आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर गोदामात पडून असतील, तर गाडी मूळ स्थितीत आणणे एका गॅरेजचे दोन दिवसांचे काम आहे. बूट आणि बुश नवे टाकावे लागतील एवढेच. मग वडापकर म्हणतात तसे टायरचे पैसे देऊन सौदा करायला हरकत नाही. त्या वस्तू भंगारात गेल्या असतील, तर सह्यवाट यांचा हिशेब धरा.

सह्यवाट

विचारले. रिम आणि बंपर गावी आहेत, शॅकल व शॉकअब्सॉर्बर मेकॅनिकने ठेवून घेतले. मालक जादा मागणीतून पन्नास हजार कमी करायला तयार झाला आहे; मेहुण्याला अजून ती एलईडी पट्टी आवडते आहे.