पुतणीला स्टीपलचेसला घालावं की रोड रेसच पळू द्यावं?

माणदेशी_काकू
माझी पुतणी दहावीला आहे. १५०० मीटर ५ मिनिटं ८ सेकंदांत पळते. यंदाच्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतल्या चार रोड रेस मारल्या, एकीत पाच हजार मिळाले. तेव्हापासून भाऊजी दर रविवारी तिला कुठं ना कुठं घेऊन जातात. सर म्हणतात, स्टीपलचेसला घाला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची तीन हजार मीटरची शर्यत), ती गाजवणारी ललिता बाबर आपल्या माण तालुक्यातलीच, मोहीची. पण ललिता तर आधी मुंबई मॅरेथॉन गाजवून मग तिकडं गेली ना? मग हिनंही आधी रस्त्यावर पळावं की! शिवाय ती पाण्यातली उडी बघून माझ्याच पोटात गोळा येतो. आणि हल्ली पोरगी शेवटच्या फेरीत पाय ओढते, ते वेगळंच.

तीन_हजारवाली
काकू, मी ही शर्यत विद्यापीठाकडून पळलेय, म्हणून जरा लांबण लावते.

ललिताताईंचं तुम्ही म्हणता ते खरं. २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांत त्या पहिल्या. मग २०१४ला इंचॉनच्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं कांस्य, २०१५ला वुहानच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत सुवर्ण. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम (पुढे २०२३ला पारुल चौधरीनं मोडला). पण त्या अडथळ्यांकडे पंचविशीच्या आसपास वळल्या, दम आधीच कमावलेला होता. तुमच्या पुतणीचं उलट करा. या वयात अंग लवचिक असतं, अडथळा आत्ता लवकर बसतो. लांबचं पळणं कुठं पळून जात नाही.

बायकांचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर, पुरुषांचा ९१.४. तीन हजारात २८ साधे आणि ७ पाण्याचे. हर्डलसारखा तो आडवा होत नाही, धडकलात तर तुम्हीच आडव्या. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल आणि पुढं उथळ होत जातो, म्हणून लाकडावर पाय देऊन जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. पहिल्या पाण्याला कुणी घाबरत नाही हो. सातव्याला मांड्यांचे दगड झालेले असतात, खरी गंमत तिथं.

रिओची अंतिम फेरी १५ ऑगस्टला संध्याकाळी आपल्याकडं दिसली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई! त्या दहाव्या आल्या आणि आमच्या वसतिगृहात कुणीतरी "गेलं पदक" म्हणत टीव्ही बंद केला. त्या रिमोटवर माझा अजून राग आहे.

आणि पाय ओढते म्हणालात, तर सगळ्यात आधी रक्त तपासा. पाळी सुरू झालेल्या पळणाऱ्या मुलींत लोह कमी असणं फार दिसतं. आम्ही त्याला आळस समजून शिव्या खाल्ल्या.

बांधावरचा_गडी
आमच्याकडं शेततळं आहे. काठावर ओंडका टाकला तर पाण्याच्या उडीचा सराव होईल का?

तीन_हजारवाली
दादा, अजिबात नको! तळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शाळेचा लांब उडीचा वाळूचा खड्डा असतो ना, त्याच्या अलीकडं घट्ट बसवलेला ओंडका पुरे. डाव्या-उजव्या कुठल्याही पायानं उडी घेता येईल असं शिकवा, नाहीतर ऐन शर्यतीत पावलं मोजत बसेल.

त्र्यंबकचा_वारा
आमच्या सावरपाड्याच्या कविता राऊतना विसरू नका. २०१० ग्वांगझू आशियाई खेळ, १० हजार मीटर: प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७, कविता ३१:५१.४४. पंचवीस फेऱ्या पळून एक सेकंदाचाही फरक नाही. तेव्हा अडथळेच पाहिजेत असं नाही. आणि काकू, भाऊजींवर फार रागावू नका. ज्या घरात बूट घ्यायला बक्षिसाचीच वाट बघावी लागते, तिथं पाच हजार मोठेच. महिन्यातून एक रेस ठरवून घ्या.

माणदेशी_काकू
सगळ्यांचे आभार. काल रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, महिनाभर रेस बंद. सरांनी वाळूच्या खड्ड्यापाशी बाभळीचा ओंडका पुरलाय, पोरगी चालत जाऊन त्यावर पाय देऊन बघते. भाऊजी अजून गप्पच आहेत, पण आज बाजारातून खजूर आणला.