शब्दचर्चा: प्लगइन 'तो' की 'ते', आणि हँडलला मराठीत काय म्हणावं?

कळफलक
एनबीडीकिटसाठी पायथनमध्ये प्लगइन कसं लिहायचं, यावर मराठीत टिपण लिहायला घेतलंय. वाचणारी मंडळी कामावर नवी आहेत. पायथन येतं, पण डिस्कच्या आत काय चालतं ते ठाऊक नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एनबीडी, या पद्धतीत एका मशीनवरचा सर्व्हर दुसऱ्या मशीनला आख्खी डिस्क पुरवतो. नेहमीचा पोर्ट १०८०९. पलीकडे ती साधी डिस्क वाटते, फॉरमॅट करा, माउंट करा. एनबीडीकिट हा असाच एक सर्व्हर, रेड हॅटच्या रिचर्ड जोन्स यांनी २०१३ मध्ये आणलेला. डिस्कवरचे बाइट कुठून आणायचे हे तो स्वतः ठरवत नाही, प्लगइनवर सोडतो. प्लगइन सी भाषेत लिहिता येतं, तसंच पायथन, पर्ल, रुबी, लुआ, इतकंच काय शेलमध्येही.

आता अडलंय ते शब्दांपाशी. एक, 'प्लगइन चालला' की 'प्लगइन चाललं'? दोन, 'हँडल'ला काय म्हणू? तीन, 'रीड-ओन्ली'साठी 'केवळ वाचनीय' चालेल का?

आडवाट
तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून हसू आलं. वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं. दिवाळी अंक वाचनीय असतो. डिस्क केवळ वाचनीय म्हटली तर तिच्यावर एखादी झकास कथा असावी असं वाटतं! सरळ 'फक्त वाचता येते' लिहा. लेबल म्हणून आटोपशीर काही हवं असेल तर 'लेखनबंद'.

खटपट्या
'लेखनबंद'ला माझं मत. शेल प्लगइन लिहिणारा तर याच खड्ड्यात हमखास पडतो. पायथनमध्ये पीराइट नावाचं, म्हणजे डिस्कवर लिहिणारं, फंक्शन दिसलं की सर्व्हर समजतो, इथे लिहिता येतं. शेलमध्ये स्क्रिप्टच्या आत डोकावायची सोय त्याला नाही. तो आधी 'कॅन_राइट' असं विचारतो. या प्रश्नाला शून्य एक्झिट कोड, म्हणजे स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा, दिला तर हो, ३ दिला तर नाही, आणि २ म्हणजे 'ही मेथड माझ्याकडे नाही', तोही नकारच. त्यामुळे पीराइट कितीही नीट लिहिलेलं असो, कॅन_राइटला उत्तर दिलं नसेल तर डिस्क लेखनबंदच राहते आणि पीराइटला कुणी हाकही मारत नाही. टिपणात हे ठळक टाका.

कळफलक
टाकतो. आणि लिंग?

आडवाट
पेन तो की ते यावर अजून एकमत नाही, तिथे प्लगइनचं काय घेऊन बसलात! माझ्या कानाला 'ते' बरं वाटतं, इंजिन आणि बटण यांच्या पंगतीत. तसंही 'प्लगइनला', 'प्लगइनमध्ये', 'प्लगइनवर' यात लिंग कुठे दिसतं? क्रियापदापाशीच काय ती पंचाईत. एक धरा आणि टिपणभर तेच ठेवा. फक्त अनेकवचनी 'प्लगइन्स' नको. 'तीन प्लगइन' पुरे.

जुनीखोड
पुरवणी म्हणा की! वर्तमानपत्राला असते, उत्तरपत्रिकेला असते.

खटपट्या
इथे नाही चालणार. पुरवणी काढून टाकली तरी मूळ पेपर वाचता येतो. एनबीडीकिट प्लगइनशिवाय एक बाइटही देऊ शकत नाही. शिवाय यात फिल्टर नावाची वेगळी चीज आहे, प्लगइनच्या वर बसणारी, उदाहरणार्थ मुद्दाम उशीर लावणारा किंवा चुका घडवून आणणारा फिल्टर. पुरवणी हे नाव द्यायचंच झालं तर त्यांना शोभेल. आणि फिल्टर स्क्रिप्टमधून लिहिता येत नाहीत, त्याला सीच लागते. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर नवा माणूस पायथनमध्ये फिल्टर लिहायला बसेल.

कळफलक
प्लगइन राहू दे मग. हँडलचं सांगा. कोशात 'मूठ', 'दांडा' आहे.

जुनीखोड
मूठ वाईट नाही. मुठीत धरलं की वस्तू ताब्यात.

खटपट्या
पण इथलं हँडल तसं काही ताब्यात देत नाही. पायथनचं उदाहरण घ्या. वर एपीआय_व्हर्जन = २ ही ओळ. मग तीन फंक्शनं: जोडणी उघडणारं ओपन, डिस्कचा आकार सांगणारं गेट_साइझ, बाइट वाचून देणारं पीरीड. एखादा क्लायंट जोडला गेला की सर्व्हर ओपनला हाक मारतो. तुम्ही तिथून जे परत द्याल, १ हा आकडा द्या, डिक्शनरी द्या, उघडलेली फाइल द्या, तेच हँडल. सर्व्हरला त्याचा अर्थ कळत नाही, कळायची गरजही नाही. तो ते जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक हाकेला पहिला आर्ग्युमेंट म्हणून तुमच्याच हाती परत देतो.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं. फरक इतकाच की इथे बिल्ला सांभाळतो सर्व्हर आणि चपला तुमच्याकडे. म्हणून मी शिकवताना 'बिल्ला' म्हणतो. शेलमध्ये तर तो डोळ्यांना दिसतो. ओपनमध्ये तात्पुरती फाइल तयार करून तिचं नाव छापलंत, की पुढे प्रत्येक वेळी तेच नाव $२ मध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये, येतं. पीरीडला $३ मध्ये किती बाइट हवेत ते, आणि $४ मध्ये कुठून. पायथनमध्ये मात्र बिल्ल्यानंतर आधी बफर, म्हणजे बाइट भरून द्यायची जागा, मग कुठून. किती, ते बफरच्या लांबीवरून कळतं. आणि मागितले तितके सगळे बाइट द्यायचे, 'आहेत तेवढे घ्या' हा कारभार इथे चालत नाही.

आडवाट
बिल्ला आवडला. पण कंसात... नको, कंस नको. पहिल्यांदा 'हँडल, म्हणजे बिल्ला' असं लिहा आणि पुढे खुशाल बिल्ला वापरा. फंक्शनांच्या नावांना मात्र हात लावू नका. ती कोडमध्ये आहेत तशीच टिपणात दिसली पाहिजेत, नाहीतर शोधायची कुठे?

कळफलक
ठीक. एक राहिलं. पायथन प्लगइनमध्ये विनंत्या एका वेळी एकच हाताळल्या जातात, बदलायचं असेल तर थ्रेड_मॉडेल फंक्शन लिहावं लागतं. हे 'सीरियलाइझ' कसं लिहू? 'क्रमिकीकरण' टाइप करतानाच दमलो.

जुनीखोड
'एकेक करून'. झालं की.

खटपट्या
हो. 'प्लगइन विनंत्या एकेक करून घेतं.' लिंगाचाही निकाल लागला त्यात.