अनुभव धागा : पडलेला बर्फ उपसतो कोण?

बर्फवृष्टीची छायाचित्रे सगळेच दाखवतात. परंतु पडलेला बर्फ कोण उपसतो आणि कुठे नेऊन टाकतो, याविषयी क्वचितच कोणी लिहिते. आपण राहता त्या गावची रीत सविस्तर लिहावी, ही विनंती.

मॉन्ट्रियल
येथे बराचसा भार महापालिकेवर आहे. नारिंगी फलक लागले की रस्त्याच्या त्या बाजूच्या गाड्या ठरल्या वेळेत हलवाव्या लागतात; नाहीतर भोंगा वाजवीत टोइंगची गाडी येते आणि वर दंड भरावा लागतो. मग यंत्र बर्फ ओढून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकते, आणि ते ट्रक तो जुन्या दगडखाणीसारख्या ठिकाणी नेऊन ओततात, जिथला ढीग भर उन्हाळ्यातही पुरता वितळलेला नसतो.

बॉस्टन
वरील शिस्त वाचून हेवा वाटला. येथे पालिका रस्ता मोकळा करते, पण कडेला गाडली गेलेली गाडी आपणच उकरायची आणि ती जागा राखण्यासाठी तेथे मोडकी खुर्ची ठेवून कामावर जायचे; एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मोठ्या बर्फवृष्टीत पालिका जाहीर करते ती हिम-आणीबाणी उठल्यावर ४८ तास पालिका या खुर्च्यांकडे काणाडोळा करते.

नागाओका, जपान
आमच्याकडे बर्फ उचलण्यापेक्षा तो जागीच वितळवण्यावर भर आहे. रस्त्याच्या मधोमध पुरलेल्या नळ्यांतून भूजलाचे फवारे उडतात. हे पाणी हिवाळ्यातही बाहेरच्या हवेहून कोमट असल्याने बर्फ साचू शकत नाही. पाण्यातील लोहामुळे रस्ते तांबूस झाले आहेत, आणि गमबुटांवाचून गत्यंतर नाही, कारण गाडी गेली की पाणी थेट पोटरीपर्यंत उडते. छपरांचे काम मात्र अजून माणसांकडेच आहे. ओला, जड बर्फ खाली लोटताना पडून दरवर्षी माणसे दगावतात आणि त्यांत वृद्धच अधिक असतात, कारण तरुण मंडळी मोठ्या शहरांत निघून गेली आहेत. शेजारच्या आजीबाईंच्या छपरावर आम्ही आळीपाळीने चढतो; त्या खालून दोर नीट बांधला की नाही, हे ओरडून विचारीत राहतात.

श्रीनगर
२१ डिसेंबरला चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, सुरू होतो. त्याची तयारी उन्हाळ्यातच दुधी, वांगी व टोमॅटो वाळवून केलेली असते, कारण महामार्ग बंद पडला की ताजी भाजी दुर्मीळ होते. पत्र्याच्या उतरत्या छपराखाली उभे राहू नये, हे घरमालकांनी सुरुवातीलाच बजावले होते: ऊन पडताच बर्फाचा अख्खा थर गडगडत खाली येतो. मुख्य रस्ते यंत्रे उघडतात. गल्लीतली वाट मात्र ज्याने त्याने आपल्या दारापुरती फावड्याने काढायची, फेरनच्या (लांब, सैल अंगरख्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या सूचना ऐकत.