सावळ्या कातडीसाठी डॉक्टर वेगळे असतात का?

खडीसाखर:
प्रश्न बावळट वाटला तर वाटो. मागच्या वैशाखात भावाच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये पील, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलणं, करून घेतलं. दोन दिवस गालांची आग, मग खपल्या, आणि खपल्या पडल्यावर कॉफी सांडल्यासारखे डाग. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत मी डावा गाल पुढे करून उभी आहे, कारण उजवा जास्त बिघडलाय. सासूबाई म्हणतात वांग आहे, जायफळ दुधात उगाळून लाव. फिलाडेल्फियातली मावसबहीण म्हणते, तिकडे डॉ. सुसान टेलर म्हणून आहेत, त्यांचं सगळं काम गडद वर्णाच्या त्वचेवरच आहे. खरं का? कातडी ती कातडी, रंगाने उपचारात काय फरक पडतो?

पिंपळपान:
खरं आहे. मी न्यू जर्सीत राहतो, त्यांचं नाव इकडे बरंच ऐकू येतं. बाई स्वतः कृष्णवर्णीय, शिकल्या हार्वर्डला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी गडद वर्णासाठी खास केंद्र सुरू केलं आणि २००४ मध्ये 'स्किन ऑफ कलर सोसायटी' ही गडद त्वचेवर काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना काढली. त्यांच्याआधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डॉ. जॉन केनी यांनी कोडावर काम केलं होतं, म्हणजे वाट अगदीच कोरी नव्हती.

आता फरक. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यांच्या आणि आपल्या अंगात साधारण सारख्याच. आपल्याकडे रंगाचे कण मोठे असतात आणि पेशी डिवचल्या की जास्तच रंग ओततात. मुरूम फोडला, चटका बसला, पील खोल गेलं, की जखम भरते पण डाग मागे राहतो. तुमचं तेच झालेलं दिसतंय, वांग असेलच असं नाही. त्वचेचे प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञांची वर्गवारी १९७५ ची; तिच्यात आधी चारच प्रकार होते, तेही गोऱ्यांना ऊन कसं बाधतं यावर. सावळे-काळे मागाहून पाचव्या-सहाव्यात बसवले.

माझंच सांगतो. माझं इसब ओळखायला इथल्या एका डॉक्टरांना तीन खेपा लागल्या. दर वेळी विचारायचे, "लाल कुठे आहे?" अहो, मी साताऱ्याचा, मी लाल होतच नाही! आमच्या अंगावर लाली जांभळट-करडी दिसते.

सनस्क्रीन लावत असाल तर रंगीत घ्या, लोहाचे ऑक्साइड असलेलं. आपल्याला नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात.

उंबरठा:
सगळं ठीक, पण ताई, सध्या गालाला काय लावताय ते आधी सांगा. सांगलीत माझं मेडिकल आहे. बायका पिळून पिळून गुंडाळलेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवतात, "हीच द्या, शेजारणीला गुण आला." ट्यूबवर लाल उभी रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. कुणी बघत नाही. बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल आहे का बघा.

खडीसाखर:
चष्मा लावून बघितलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पार्लरवालीनेच दिली होती. आठ महिने रोज रात्री लावतेय. सुरुवातीला गाल एकदम उजळले, आता उन्हात गेलं की चरचरतात आणि बारीक लाल शिरा दिसतात. आजच फेकून देऊ का?

उंबरठा:
मोमेटासोन हे स्टेरॉइड. शिरा त्यानेच दिसायला लागल्या असणार. पण मनानेच एकदम बंद करू नका, चेहरा उसळतो. या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, एमडी असलेल्या. ट्यूब बरोबर न्या.

पिंपळपान:
आणि तिथे कुणी लेसर सुचवलं तर "माझ्या रंगाच्या किती जणांवर केलंय" हे विचारा. लाजू नका.

खडीसाखर:
मंगळवारची वेळ मिळाली. ट्यूब पर्समध्ये टाकली. जायफळ आजपासून बंद, पण सासूबाईंनी सकाळीच उगाळून वाटी भरून ठेवलीय, त्यांना कसं सांगू ते तेवढं सुचवा.